थाळीतील मूद

सावलीतील आमच्या अभ्यासकेंद्रात संपर्क सत्र असले की दुपारी एकच्या सुमारास एक प्रश्न हमखास विचारला जातो. सकाळपासून ध्वनिविचार, रूपविचार, वाक्यविचार असे क्रमाने शिकवून झालेले असते, फळ्यावर व्यंजनांचे कोष्टक तसेच असते आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, "सर, इथं जेवायला चांगलं कुठं मिळते?" विचारणारा कधी एस. टी.चा वाहक असतो, कधी वनरक्षक, कधी वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीकडून आलेली अंगणवाडी सेविका. पहाटे उठून, घरच्यांचा स्वयंपाक करून किंवा रात्रपाळी संपवून ही मंडळी आलेली असतात. त्यांना खरे उत्तर मिळायला हवे.

गेली अनेक वर्षे मी त्यांना एकच उत्तर देत आलो आहे : "कुठेही बसा, सगळीकडे सारखेच आहे." या उत्तरात सौजन्य आहे, सत्य नाही. गाव लहान आहे. हॉटेलचा मालक सकाळी फिरायला जाताना भेटतो, त्याची मुलगी माझ्या वर्गात बसते, त्याचा भाऊ पंचायत समितीत असतो. अशा ठिकाणी वरणाबद्दलचे मत हे केवळ वरणाबद्दलचे राहत नाही.

एका वर्षी मी स्वाध्यायासाठी विषय दिला : 'मी जेवलेले एक उपाहारगृह'. आलेल्या उत्तरपत्रिका वाचताना असे दिसले की सर्वांनी एकाच उपाहारगृहात एकच जेवण घेतले होते. भोजन रुचकर व स्वादिष्ट होते, सेवा तत्पर होती, परिसर स्वच्छ होता. निम्म्या जणांनी 'उपहारगृह' असे लिहिले होते. (ही चूक दुकानांच्या पाट्यांवरही सर्वत्र दिसते. 'उपाहार' म्हणजे हलके खाणे आणि 'उपहार' म्हणजे भेटवस्तू. एका कान्याने बिल माफ होते, पण ते पाटीवरच.) त्याच दुपारी तीच मंडळी चहाच्या टपरीवर उभी राहून बोलत होती आणि ते बोलणे मात्र फार वेगळे होते. कोणाच्या भाजीत सोडा पडतो, कोण कालचे तेल आज वापरतो, कोणाच्या आलुबोंड्यात आलू शोधावा लागतो, हे सारे नेमक्या शब्दांत, हातवाऱ्यांसह सांगितले जात होते. लिहायला बसताच यांच्या जिभेवरची चव कुठे जाते, असा प्रश्न मला पडला. मग लक्षात आले की माझीही जाते. म्हणून हा लेख.

प्रथम सावलीविषयी. आमच्या गावी आलेले सर्वांत थोर पाहुणे म्हणजे महात्मा गांधी. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन सावलीला भरले आणि त्यासाठी ते येथे येऊन राहिले. खादीच्या कामामुळे या गावाचे नाव तेव्हा दूरवर पोचले होते. गांधीजींच्या एकादश व्रतांत 'अस्वाद' हे एक व्रत आहे, म्हणजे जिभेसाठी न खाणे. आमच्या गावातील काही हॉटेलांनी ते व्रत ग्राहकांच्या वतीने आजवर निष्ठेने पाळले आहे, असे मला कधी कधी वाटते. सकाळचे पोहे मात्र याला अपवाद. चण्याच्या तर्रीसह, वर बारीक चिरलेला सांबार टाकून दिलेले पोहे येथे उत्तम मिळतात. पुण्या-मुंबईकडील वाचकांसाठी सांगायला हवे की आमच्याकडे 'सांबार' म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबर येते त्याला आम्ही 'सांभर' म्हणून वेगळे ठेवायचा प्रयत्न करतो आणि त्यात फारसे यशस्वी होत नाही. दुपारनंतर सावलीतील हॉटेलांकडून फार अपेक्षा करू नये. 'हॉटेल' या शब्दाकडूनही करू नये. आमच्या तालुक्यात हॉटेलात मुक्काम करता येत नाही. मुक्कामाची सोय असेल तर ते 'लॉज', आणि तेथे जेवण मिळत नाही.

मूलला दोन ठिकाणी भजी चांगली मिळतात. एवढे पुरे.

चंद्रपूरची गोष्ट निराळी. गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाच्या आत आणि बाहेर, जटपुरा दरवाज्यापासून थेट महामार्गापर्यंत, खाण्याची इतकी ठिकाणे आहेत की नवख्या माणसाने भांबावून जावे. तीस वर्षांत मी त्यांतील बहुतेक ठिकाणी जेवलो आहे. कधी विद्यापीठाच्या कामासाठी, कधी मुलांच्या हट्टाखातर, तर कधी रुग्णालयात कोणाला भेटून परत येताना. त्या आधारावर काही मते नोंदवतो. डोसा चांगला, कारण करणाऱ्यांना तो येतो. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि रेल्वे यांमुळे येथे तेलंगणातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून, पंजाबातून माणसे आली आणि आपापली चव बरोबर घेऊन आली. महामार्गावरील ढाब्यांत डाळ बरी आणि रोटी चांगली मिळते, परंतु पनीरच्या सर्व भाज्यांचा रस्सा एकाच पातेल्यातून येतो. यादीत त्याची सतरा नावे असली तरी जिभेला एकच नाव कळते. काही ठिकाणी अजूनही पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असते. तेथे 'फॅमिली' या शब्दाचा अर्थ 'स्त्री' असा आहे. चार पुरुष सख्खे भाऊ असले तरी त्यांची फॅमिली होत नाही.

सावजीविषयी माझे मत अनेकांना रुचणार नाही. मुळात ही नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाची घरगुती पाककृती. विणकर कुटुंबांच्या चुलीवरून ती लहान खानावळींत आली आणि तेथून सर्वत्र गेली. आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर 'सावजी' ही पाटी इतक्या ठिकाणी आहे की तो शब्द विशेषनाम राहिलेला नाही. अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून मी तो वर्गात शिकवतो. समाजाचे नाव मसाल्याचे झाले, मसाल्याचे नाव तिखटपणाचे झाले आणि आता तिखट म्हणजेच सावजी, अशी समजूत आहे. ज्यांना मसाला जमतो त्यांच्या हातचे सावजी मटण मी अत्यंत आदराने खाल्ले आहे. पण जेथे तो जमत नाही तेथे तिखट हे झाकण असते. त्याखाली मटण आहे की नाही, असल्यास केव्हाचे आहे, हे डोळ्यांतील पाणी पुसून होईपर्यंत कळत नाही. तिखट सोसण्यालाच चव समजणे ही आम्हा वैदर्भीयांची एक खोड आहे आणि मी तिला अपवाद नाही.

मात्र माझी खरी तक्रार निराळीच आहे. ती थाळीविषयी आहे.

चंद्रपुरात, गडचिरोलीत किंवा आमच्या सावलीत कोठेही थाळी मागवा. चार पोळ्या येतील आणि हव्या तितक्या आणखी मिळतील. दोन भाज्या, वरणाची वाटी, पापड, लोणचे येईल. शेवटी, जवळजवळ विचार बदलल्यासारखी, भाताची एक मूद येईल. वाटीत दाबून उपडी केलेली, वर कोथिंबिरीचे एक पान. 'मूद' हा शब्द मला कादंबऱ्यांतून कळला. आमच्या घरात भाताला आकार नसे, ढीग असे. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया म्हणजे झाडीपट्टी. महाराष्ट्राचा हा धानाचा पट्टा. येथे तलावांच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या धान पिकत आले. आमच्याच तालुक्यात आसोलामेंढ्याचा तलाव आहे. येथे भात हा जेवणाचा शेवट नसतो, भात म्हणजेच जेवण. पोळी सणाला किंवा पाहुण्यांना. अशा मुलुखात दर थाळीत सर्वांत लहान जागा भाताला मिळावी, हे मला दर वेळी खटकते.

याला व्यावहारिक कारण आहे. हॉटेल चालते ते घरापासून दूर असणाऱ्यांच्या जिवावर. खाणीतला कामगार, बदलीवर आलेला अधिकारी, फिरता विक्रेता यांच्या आवडीनुसार ताट ठरते. ज्याचे घर जवळ आहे तो घरी जाऊन जेवतो, आणि हॉटेलात गेलाच तर घरात नसते ते मागतो. भात-वरण विकत घेऊन कोण खाणार? हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. पावसाळ्यात आमच्या आठवडी बाजारात बाया पाट्यांत वास्ते घेऊन बसतात, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. सात्या येतात, म्हणजे रानातील अळिंबी, आणि तासाभरात संपतात. कुड्याची फुले येतात. तरोट्याची भाजी तर रस्त्याच्या कडेला उगवते. यांपैकी एकही पदार्थ मी या दोन जिल्ह्यांतील कोणत्याही मेनूकार्डावर वाचलेला नाही. ताडोब्याच्या वाटेवरील एका महागड्या निवासात मला भर श्रावणात 'मशरूम मसाला' वाढण्यात आला. अळिंबी डब्यातली होती. फाटकाबाहेर त्याच वेळी एक बाई सात्यांचे वाटे लावून बसली होती.

मेनूकार्डावर काय नसते, हे भाषेच्या अभ्यासकाने पाहावे. प्रमाणभाषेच्या कोशातून जसे काही शब्द वगळले जातात, तसेच हे आहे. ते शब्द वाईट असतात म्हणून नव्हे. ते बोलणाऱ्यालाच ते लिहिण्याजोगे वाटत नाहीत म्हणून. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

२००१ मध्ये मला पीएच. डी. मिळाली. प्रबंधाचा विषय झाडीबोलीची ध्वनिव्यवस्था हा होता. या बोलीत 'ण' नाही आणि 'ळ' नाही. प्रमाण मराठीतील 'वरण' तेथे 'वरन' होते आणि 'तांदूळ' 'तांदूर' होतो. हा उच्चारातील दोष नसून ती त्या बोलीची स्वतःची शिस्त आहे, असे मी साधार मांडले होते. कित्येक उदाहरणे माझ्या वडिलांच्या तोंडची होती. बांधावर बसून मी ती टिपून घेतली होती. वडिलांची तीन एकर धानाची शेती. शाळा चौथीपर्यंत. मुलगा डॉक्टर झाला, पण औषध देत नाही, एवढे त्यांना कळले होते आणि त्याचाही त्यांना आनंद होता. तो साजरा करण्यासाठी मी त्यांना चंद्रपूरच्या एका नावाजलेल्या हॉटेलात घेऊन गेलो. थंडगार खोली, काचेचे पेले, हिंदीत बोलणारा वेटर.

वेटरने रोटी कोणती आणू म्हणून विचारले. वडील म्हणाले, "भात आन गा बापू पयले. अन् वरन."

शेजारच्या टेबलावरील माणसाने मान वळवली. वेटर माझ्याकडे पाहून किंचित हसला. मीही हसलो. आणि म्हणालो, "पहले तंदूर रोटी, दाल फ्राय. जीरा राईस बाद में. गाँव के हैं, उनको मालूम नहीं."

वडिलांना हिंदी येत होते. तरुणपणी ते बल्लारपूरला लाकडाच्या कामावर होते. त्यांनी रोटी खाल्ली, काही बोलले नाहीत. मग भात आला. त्यांनी एक शीत अंगठा आणि बोट यांमध्ये धरून चिरडले, पाहिले आणि हळूच मला म्हणाले, "हा तं येचमटी हाये. आपल्या नागभीडकडचा. नवा हाये औंदाचा, म्हून चिकटला. जिरा कायले टाकला याच्यात?"

ते शब्दशः बरोबर होते. एचएमटी हा तांदूळ नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातील वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे वेगळ्या पेरून तयार केला. तेव्हा एचएमटी घड्याळाची मोठी प्रतिष्ठा होती, म्हणून तेच नाव त्याला मिळाले. बारीक, सुवासिक आणि भरघोस पिकणारा हा वाण एका अल्पभूधारकाच्या निरीक्षणातून जन्मला आणि अनेक राज्यांत पसरला. खोब्रागडे २०१८ मध्ये वारले. त्या दिवशी आमच्या टेबलावर शेजारच्या तालुक्यातील माणसाने घडवलेला तांदूळ इंग्रजी नावाने आला होता, आणि त्याला एका शितावरून ओळखणारा माणूस 'गाँव के हैं' म्हणून बाजूला केला गेला होता. बाजूला करणाऱ्याच्या खिशात झाडीबोलीवरील पदवीचे प्रमाणपत्र होते. ते दाखवण्यासाठी मी ते बरोबर आणले होते.

जेवण संपत आल्यावर व्यवस्थापक आला आणि अदबीने विचारू लागला, कसे होते? प्रश्न वडिलांना होता. वडिलांनी तोंड उघडले. त्यांच्या आधी मी म्हणालो, "बहुत बढ़िया."

ते काय म्हणणार होते हे मला ठाऊक आहे. आमच्या बोलीत जेवण चवदार झाले तर 'गोड झाला' म्हणतात, मग ते मटण असले तरी. ते 'गोड' म्हणाले नसते. भात चिकटला आहे, पुढच्या वेळी जुना तांदूळ घ्या आणि पाणी दोन बोटे कमी घाला, असे ते समजावून सांगत बसले असते, आणि कदाचित त्या माणसाचा फायदाही झाला असता. परत येताना बसमध्ये ते खिडकीकडे बसून दोन्ही बाजूंचे धान पाहत राहिले. त्यानंतर आठ वर्षे ते होते. माझ्याबरोबर हॉटेलात पुन्हा आले नाहीत. "पोट भरलं हाये," म्हणायचे.

गडचिरोलीविषयी लिहायचे राहिले. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून तो जिल्हा वेगळा झाला आणि कार्यालयांबरोबर खानावळी आल्या. तेथे 'कोल्हापुरी' आणि 'मालवणी' या पाट्या पाहून कोल्हापूरच्या आणि मालवणच्या माणसाने काय म्हणावे, हे मी सांगू शकत नाही. बदलीवर आलेल्या एकट्या माणसासाठी ते नाव हाच अर्धा घास असावा. माझे स्पष्ट मत असे की गडचिरोलीत कोणाच्या घरी जेवायला बोलावणे आले तर ते चुकवू नये. वैनगंगेचे झिंगे मी तेथे एका विद्यार्थ्याच्या घरी खाल्ले, तसे मला पैसे देऊन कोठेही मिळालेले नाहीत.

आता त्या एकच्या सुमारास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे. सावलीत एका बाजूच्या गल्लीत पत्र्याच्या छपराखाली एक खानावळ आहे. तिला पाटी नाही. चालवणाऱ्या बाई साठीच्या आहेत. पाणी थंड नसते, पंखा एकच आहे आणि तो मालकिणीकडे तोंड करून असतो. भाजीवर तेलाचा थर असतो. मी एकदा त्याबद्दल बोललो तेव्हा त्या म्हणाल्या की कचेरीतील साहेबांना तर्रीशिवाय चालत नाही, मी काय करतो? (आमच्याकडे बायका स्वतःविषयी 'मी करतो, मी जातो' असेच बोलतात. व्याकरणाच्या पुस्तकात या रूपाला पुल्लिंगी म्हटले आहे. बाईंनी ते पुस्तक वाचलेले नाही.) गेल्या हिवाळ्यात, संपर्क सत्राच्या दिवशी, प्रश्न विचारणाऱ्या वाहक विद्यार्थ्याला मी प्रथमच तेथे घेऊन गेलो. तो सिंदेवाहीकडचा. चाळिशीतला, अकरा वर्षांनी पुन्हा शिकायला लागलेला. नाटकांचा हंगाम होता. रात्री झाडीपट्टीचे नाटक पाहून तो तसाच सत्राला आला होता आणि त्याला कडकडून भूक लागली होती.

बाईंनी ताटात पोळी ठेवली. त्याने ती हाताने बाजूला सारली आणि भरल्या खानावळीत, मोठ्याने, अजिबात न संकोचता म्हणाला, "भात वाढा ना जी पयले."

त्या आत गेल्या आणि पातेलेच घेऊन आल्या. त्याला वाढून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पोळी उचलून कडेला ठेवली आणि ताट पुढे केले. पळीने वरण आले. आम्ही बराच वेळ न बोलता जेवलो. मग त्यांनी विचारले, "कसा झाला जी, मास्तर?"

मी म्हणालो, "भात गोड झाला. वरण थोडे पातळ आहे."

बाईंनी माझ्या ताटात वाकून पाहिले.

"वरन पातर नाही जी," त्या म्हणाल्या, "तुमी भात कमी घेतला."